तीन पत्तीवाल्यांसाठी पोकर : पत्त्यांचे नियम आणि खिशाचे नियम

दिवाळीच्या दिवसांत फराळ आटोपला, लहान मुले झोपली, की बऱ्याच घरांत पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. रमी आणि तीन पत्ती हे आपले नेहमीचे खेळ. अलीकडे इथे वाढलेली तरुण मंडळी 'टेक्सस होल्डेम' या पोकरचा आग्रह धरतात आणि तीन पत्तीत मुरलेले काका-मामा "त्यात काय, तोच तर खेळ!" असे म्हणत बसतात. खेळ नात्यातला आहे खरा, पण तीन ठिकाणी तीन पत्तीची सवय महागात पडते. म्हणून या सदरात त्याची ओळख.

वॉटफर्डकरांना नशिबाचा बाजार नवा नाही. नॅशनल लॉटरी १९९४ साली सुरू झाली. तेव्हापासून जानेवारी २०२४ पर्यंत ती चालवणाऱ्या कॅमेलॉट कंपनीचे मुख्य कार्यालय आपल्याच गावात होते. लॉटरीचे तिकीट घेतले की आपले काम संपते. ऑक्टोबर २०१५ पासून ५९ आकड्यांतून ६ जुळावे लागतात आणि ती शक्यता ४,५०,५७,४७४ मध्ये एक आहे. पोकरमध्ये मात्र प्रत्येक टप्प्यावर थांबायचे की पुढे जायचे, हे आपण ठरवतो. खेळाचा सारा कस तिथेच आहे.

डाव कसा चालतो

प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलावर सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात : आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक, तो टर्न, शेवटी एक, तो रिव्हर. आपले दोन आणि टेबलावरचे पाच, अशा सात पत्त्यांतून उत्तम पाचांचा संच धरायचा.

पैसे लावण्याच्या फेऱ्या चारच : पत्ते वाटल्यावर एक आणि फ्लॉप, टर्न, रिव्हर यांच्यानंतर एकेक. आपली पाळी आली की कोणी पैसे लावले नसतील तर 'चेक' म्हणून पुढे सोडता येते. लावले असतील तर तेवढेच घालणे म्हणजे कॉल, वाढवणे म्हणजे रेझ आणि पत्ते टाकून देणे म्हणजे फोल्ड, म्हणजे आपले 'पॅक'. उरलेल्या सर्वांची रक्कम सारखी झाली की फेरी संपते.

मोठ्याकडून लहानाकडे

१. एकाच रंगाचा सिक्वेन्स
२. चार सारखे पत्ते
३. फुल हाउस, म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी
४. कलर, म्हणजे पाचही एका रंगाचे
५. साधा सिक्वेन्स
६. तीन सारखे, म्हणजे आपली ट्रेल
७. दोन जोड्या
८. एक जोडी
९. काहीच नसेल तर सर्वात मोठा पत्ता

रंग म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, लाल-काळा नव्हे. पोकरमध्ये कोणताही रंग दुसऱ्यापेक्षा मोठा नसतो. संच अगदी बरोबरीचे आले तर पैसे वाटून घ्यायचे.

फसगतीच्या तीन जागा

पहिली : तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. यात लहर नाही, मोजणी आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांचे संच २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मिळ ते मोठे.

दुसरी : आपले 'ब्लाइंड' म्हणजे पत्ते न बघता खेळणे. पोकरचे ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्यापूर्वी डीलरच्या डावीकडच्या दोघांनी सक्तीने घालायची रक्कम, पहिल्याची लहान, दुसऱ्याची मोठी. आपल्या बूटसारखीच, फक्त ती सगळे घालत नाहीत. डीलरची जागा दर डावाला डावीकडे सरकते, म्हणून भार सर्वांवर सारखा पडतो.

तिसरी पैशाची. तीन पत्तीत चालीवर चाल देत फेऱ्या लांबतात आणि हात पुन्हा खिशात जातो. पोकरचा पक्का नियम असा, की डाव सुरू होताना समोर जेवढे आहेत तेवढेच पणाला लागतात. मध्येच खिशातून काढायचे नाहीत. कमी पडले तर उरलेले सगळे लावून 'ऑल-इन' व्हायचे आणि तेवढ्याच हिश्शासाठी डावात राहायचे. धर्मराजाच्या द्यूतात हा नियम असता तर महाभारत वेगळे झाले असते. तीन पत्तीही याच नियमाने खेळावी, असे सुचवावेसे वाटते.

थांबण्याचे गणित

समजा, टर्ननंतर आपल्याजवळ चार बदाम आहेत, पाचवा आला तर डाव आपला. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. शक्यता सुमारे २० टक्के. मध्ये ८ पौंड आहेत आणि समोरच्याने २ लावले. आपण २ घातले तर एकूण १२ होतील, म्हणजे आपला वाटा सुमारे १७ टक्के. इथे घालणे योग्य. त्याने ८ लावले असते तर २४ मध्ये आपले ८, म्हणजे ३३ टक्के. इथे पत्ते टाकावेत.

या हिशेबात आपण आधी घातलेले पैसे वेगळे धरलेले नाहीत. ते आता आपले राहिलेले नसतात. "एवढे घातलेच आहेत, तर अजून थोडे" हे वाक्य पत्त्यांत जेवढे बुडवते तेवढेच पडत्या शेअरमध्येही बुडवते.

घरासाठी काही सूचना

घरगुती खेळात प्रवेश फी किंवा डावातून कमिशन घेऊ नये. खेळ त्या मर्यादेत असेल तर २००५ च्या जुगार कायद्यानुसार परवाना लागत नाही. मुलांना शिकवायचे तर चिंचोके किंवा राजमा घ्या. रक्कम आणि उठण्याची वेळ आधीच ठरवा.

ऑनलाइन पोकरमध्ये कंपनी डावातून आपली टक्केवारी काढते, त्यामुळे सगळे खेळाडू मिळून नेहमीच तोट्यात असतात. एप्रिल २०२० पासून या देशात क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. पण डेबिट कार्डावर महिन्याचा पगार संपू शकतो.

खर्च लपवणे, उसने मागणे, हरलेले भरून काढायला पुन्हा बसणे, झोप उडणे, ही आजाराची लक्षणे आहेत. त्यावर एनएचएसच्या खास क्लिनिकमध्ये उपचार मिळतात. गॅमस्टॉपमध्ये एकदा नाव नोंदवले की ब्रिटनमधील परवानाधारक सर्व ऑनलाइन जुगार निदान सहा महिने बंद होतात. राष्ट्रीय हेल्पलाइनचा मोफत क्रमांक ०८०८ ८०२० १३३ असून ती चोवीस तास चालू असते. घरातली माणसेही तिथे फोन करून सल्ला घेऊ शकतात.