एकशें सत्तर डॉलर

दानाची किंमत कशावरून ठरवावी, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. देणगीदारांची यादी छापतांना मोठ्या रकमेच्या मानकऱ्यास अग्रस्थान मिळतें आणि अल्पस्वल्प देणाऱ्यांचीं नांवें 'किरकोळ' या एका शब्दांत सामावून जातात. जमाखर्चाच्या दृष्टीनें त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु लोकांच्या स्मरणाची वही निराळी असते, आणि तींतील नोंदी जमाखर्चाशीं क्वचितच जुळतात.

आयर्लंडच्या महादुष्काळाचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. त्या दुष्काळांत राणी व्हिक्टोरियानें स्वतःच्या नांवें २,००० पौंड दिले. रक्कम लहान नव्हती. तथापि आयरिश लोककथेनें ती अवघ्या ५ पौंडांवर आणून ठेवली. भुकेल्या प्रजेसाठीं राणीनें पांचच पौंड पाठविले, असें तेथें पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें गेलें. याच्या उलट, अमेरिकेंतील चॉक्टॉ नांवाच्या आदिवासी राष्ट्रानें पाठविलेले १७० डॉलर आंकड्यांची अदलाबदल होऊन कित्येक लिखाणांत ७१० झाले, आणि तो चुकीचा आंकडा बरींच वर्षें फिरत राहिला. पहिली चूक रागानें केली होती. दुसरी नजरचुकीनें झाली आणि कृतज्ञतेनें टिकली. दोन्ही आंकडे आज दुरुस्त झाले आहेत. पण एका दानाला लोकस्मृतीनें इतकें घटवावें आणि दुसऱ्याला उराशीं धरावें, याचें कारण शोधण्यासारखें आहे.

१८४५ सालच्या शरद ऋतूंत आयर्लंडमधील बटाट्याच्या शेतांवर एक रोग आला. 'फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स' या बुरशीसदृश सूक्ष्म जीवामुळें होणारा हा करपा दमट हवेंत झपाट्यानें पसरतो. हिरवींगार पानें थोड्याच दिवसांत काळीं पडतात आणि जमिनींतला बटाटा सडून त्याचा दुर्गंधी लगदा होतो. त्या वर्षीं पिकाचा कांहीं भाग गेला. १८४६ सालीं जवळजवळ सगळें पीक गेलें. तेथील गरीब कुळांना बटाटा हें तोंडीं लावणें नव्हतें. दोन्ही वेळचें जेवण तेंच होतें. त्यांच्या वांट्यास येणारा जमिनीचा तुकडा इतका लहान असे कीं, त्यावर दुसरें कोणतेंही पीक घेऊन कुटुंबाचें पोट भरणें शक्य नव्हतें. देशांत धान्य पिकत होतें, गुरेंही होतीं. परंतु तीं जमीनदाराचा खंड भागविण्यासाठीं विकलीं जात. म्हणून बटाटा गेला तेव्हां देशांतलें अन्न संपलें नाहीं. गरिबाच्या हातचें अन्न मात्र संपलें. दुष्काळाच्या ऐन काळांतही धान्य आणि लोणी यांनीं भरलेलीं जहाजें आयरिश बंदरांतून इंग्लंडकडे जातच होतीं.

१८४७ हें वर्ष सर्वांत भयंकर ठरलें. उपासमार आणि तिच्या पाठोपाठ आलेले ताप व हगवण यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं. सरकारनें प्रथम उपाशी माणसांना रस्त्यांच्या कामावर लावलें. तें साधेना तेव्हां अन्नछत्रें उघडलीं. त्या वर्षींच्या जुलै महिन्यांत सुमारे ३० लक्ष लोक रोज या छत्रांतील सुपावर जगत होते. पण शरद ऋतु येतांच छत्रें बंद करण्यांत आलीं. त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें अशी अट घातली कीं, ज्याच्याकडे पाव एकरापेक्षां अधिक जमीन असेल त्यानें ती सोडल्याशिवाय त्याला सरकारी मदत मिळूं नये. पोटाला हवें असेल तर जमिनीवर पाणी सोडावें, असा हा सौदा होता. १८४१ च्या शिरगणतींत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लक्षांहून अधिक होती. १८५१ सालीं ती सुमारे ६५ लक्ष उरली. जवळजवळ १० लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं.

या संकटाची वार्ता दूरदूर पोहोंचली. परदेशांतून आलेल्या पहिल्या मदतींत आपल्या कलकत्त्याहून गेलेली वर्गणी होती. तुर्कस्तानच्या सुलतानानें १,००० पौंड दिले. २८ मार्च १८४७ रोजीं 'जेम्सटाउन' ही अमेरिकन युद्धनौका तोफांच्या जागीं धान्य भरून बोस्टनहून कॉर्क बंदराकडे निघाली. या सर्व देणाऱ्यांजवळ देण्यासारखें कांहीं तरी होतें.

चॉक्टॉ लोकांची गोष्ट निराळी होती. आजच्या मिसिसिपी राज्याच्या प्रदेशांत हे लोक अनेक पिढ्या मका, घेवडा आणि भोपळा पिकवून राहत आले होते. कापसाच्या लागवडीसाठीं गोऱ्या वसाहतवाल्यांना त्यांच्या सुपीक जमिनी हव्या होत्या. मे १८३० मध्यें पूर्वेकडील आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा अमेरिकेंत झाला, आणि त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत चॉक्टॉ पुढाऱ्यांच्या तहावर सह्या घेण्यांत आल्या. त्या कायद्याखालीं देशोधडीस लागलेलें हें पहिलें मोठें राष्ट्र. हें धोरण तडीस नेणारा राष्ट्राध्यक्ष अँड्रयू जॅक्सन हा आयर्लंडहून अमेरिकेंत आलेल्या आईबापांचा मुलगा होता, हें पुढील हकीकतीच्या संदर्भांत ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८३१ ते १८३३ या काळांत हजारों चॉक्टॉ स्त्रीपुरुष पश्चिमेकडे नेण्यांत आले. पहिल्याच हिवाळ्यांत हिमवादळानें त्यांना गांठलें. पांघरुणें अपुरीं, शिधा अपुरा, आणि कित्येकांच्या पायांत जोडेही नव्हते. पुढच्या वर्षीं पटकीची सांथ आली. तोक्‌व्हिल हा प्रसिद्ध फ्रेंच लेखक १८३१ च्या अखेरीस मेंफिस येथें होता व त्यानें एका टोळीचें नदी ओलांडणें प्रत्यक्ष पाहिलें. लहान मुलें, आजारी माणसें, मरणोन्मुख म्हातारे नौकेंत चढत होते. कोणी रडलें नाहीं, कोणी बोललें नाहीं. मात्र धनी आपल्याला मागें टाकून निघाले हें कांठावरच्या कुत्र्यांना उमगलें तेव्हां तीं एकदम विव्हळलीं आणि नदीच्या बर्फाळ पाण्यांत उड्या टाकून नौकेमागें पोहूं लागलीं, असें त्यानें नमूद केलें आहे. सुमारे ८०० किलोमीटरांच्या या प्रवासांत निदान २,५०० माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. पुढें इतर आदिवासी राष्ट्रांचीही अशीच हकालपट्टी झाली. ती सारी कहाणी 'अश्रूंची वाट' या नांवानें ओळखली जाते.

या घटनेस पुरीं सोळा वर्षेंही लोटलीं नव्हतीं. नव्या मुलुखांत घरें उभीं राहत होतीं, पण जखमा ओल्या होत्या. अशा वेळीं २३ मार्च १८४७ रोजीं, आजच्या ओक्लाहोमा राज्यांतील स्कलीव्हिल या गांवीं एक सभा भरली. चॉक्टॉ भाषेंत पैशासाठीं जो शब्द आहे त्यावरून या गांवाचें नांव पडलें होतें. कारण सरकारकडून मिळणारें वर्षासन तेथें वांटलें जाई. अध्यक्षस्थानीं विल्यम आर्मस्ट्राँग हा सरकारी एजंट होता. आयर्लंडच्या दुष्काळाची हकीकत सभेपुढें मांडण्यांत आली आणि वर्गणी गोळा करण्यांत आली. सभेस व्यापारी, मिशनरी व सरकारी नोकर होते आणि त्यांनींही आपला वांटा उचलला. परंतु रकमेचा मोठा भाग चॉक्टॉ लोकांनीं दिला. एकूण १७० डॉलर जमले. आजच्या मानानें ते पांच हजार डॉलरांहून अधिक भरतील.

दुष्काळाच्या मानानें ही मदत म्हणजे दर्यामें खसखस. जेथें ३० लक्ष तोंडांना रोज अन्न पुरवावें लागत होतें, तेथें १७० डॉलरांनीं किती जीव वांचणार? आणि ज्यांच्या स्वतःच्याच घरीं ददात, त्यांनीं हातचा पैसा समुद्रापलीकडे अनोळखी माणसांसाठीं पाठवावा, हा शहाणपणा म्हणावा काय? हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. त्याचें उत्तर त्या पैशानें किती पीठ आलें यांत सांपडणार नाहीं. त्या पैशाबरोबर काय आलें आणि काय आलें नाहीं, यांत तें सांपडेल.

त्या काळीं आयरिश माणसाला मदत मिळे ती बहुधा उपदेशासकट मिळे. तो आळशी आहे, पोरवडा वाढवितो, बटाट्यावर विसंबून राहतो, असें लंडनच्या वर्तमानपत्रांतून राजरोस लिहिलें जात होतें. सरकारच्या मदतीला अट होती, कांहीं पंथांच्या मदतीला धर्मांतराची अपेक्षा होती. राणीचे २,००० पौंड ज्या सत्तेकडून आले त्याच सत्तेच्या राज्यांत धान्याचीं जहाजें बाहेर जात होतीं; म्हणून लोकांनीं ते पौंड मनोमन पांचावर आणले. चॉक्टॉंच्या १७० डॉलरांबरोबर अट नव्हती, उपदेश नव्हता, परतफेडीची आशाही नव्हती. ज्यांनीं आपलीं म्हातारीं माणसें वाटेंत पुरलीं होतीं त्यांना, घर सुटणें आणि पोट रिकामें असणें म्हणजे काय, हें कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, अशी आपली म्हण आहे. येथें ज्याचें जळलें होतें त्याला दुसऱ्याचें जळणेंही कळलें. वास्तविक दुःखानें माणूस नेहमींच कोमल होतो असें नाहीं. पुष्कळदां तो कठोर होतो, आणि आपल्या वेळीं कोण धांवून आलें होतें, असा सवाल करतो. तो सवाल करण्याचा अधिकार चॉक्टॉंना पुरेपूर होता. त्यांनीं तो वापरला नाहीं.

याचा अर्थ हे लोक देवदूत होते असा नव्हे. त्यांच्यांतील कित्येक सधन घराण्यांत आफ्रिकन गुलाम राबत होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. दया ही निर्दोष माणसांची मिरासदारी नाहीं. सदोष माणसांच्या हातूनही एखाद्या दिवशीं असें कृत्य घडतें कीं, त्याची आठवण त्यांच्या नातवंडांना आपण कसें वागावें हें शिकवूं शकते.

ही आठवण मात्र आपोआप टिकली नाहीं. अनेक वर्षें तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. अभ्यासकांनीं आणि सामान्य माणसांनीं ती पुन्हां उजेडांत आणली. १९९० सालीं चॉक्टॉ प्रतिनिधि आयर्लंडच्या मेयो परगण्यांत दुष्काळपीडितांच्या स्मरणार्थ निघालेल्या पदयात्रेंत चालले. १९९२ सालीं आयरिश पदयात्री ओक्लाहोमाहून मिसिसिपीकडे, म्हणजे अश्रूंच्या वाटेनें उलट दिशेस, चालत गेले. त्यांनीं दर डॉलरामागें एक हजार याप्रमाणें १,७०,००० डॉलर जमविले आणि ती रक्कम त्या वर्षीं दुष्काळानें गांजलेल्या सोमालियासाठीं दिली. १९९५ सालीं आयर्लंडच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांनीं चॉक्टॉ राष्ट्रास भेट देऊन आभार मानले. मार्च २०१८ मध्यें तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर ओक्लाहोमांत जाऊन चॉक्टॉंना भेटले व त्यांच्या विद्यार्थ्यांसाठीं आयर्लंडांतील उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ति त्यांनीं जाहीर केली. या वराडकरांचें मूळ गांव मालवण तालुक्यांतील वराड, हें मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

पुढें २०२० सालीं कोरोनाच्या सांथीनें अमेरिकेंतील नवाहो आणि होपी या आदिवासींना ग्रासलें. त्यांच्या मदतनिधींत आयर्लंडमधून हजारों लोकांनीं पैसे पाठविले, आणि कित्येकांनीं सोबत १८४७ च्या उपकाराचा उल्लेख केला. नवाहो आणि होपी म्हणजे चॉक्टॉ नव्हेत. सोमालियाचे लोक तर दुसऱ्याच खंडांतले. देणारे हें जाणून होते. ज्यांनीं दिलें त्यांचें ऋण ज्यांना आज हवें आहे त्यांच्या दारीं फेडावें, अशी ही उतराई होती.

आयर्लंडच्या कॉर्क परगण्यांतील मिडलटन या गांवीं या दानाचें स्मारक आहे. अॅलेक्स पेंटेक या शिल्पकारानें घडविलेलीं, सुमारे सहा मीटर उंचीचीं, पोलादाचीं नऊ गरुडपिसें तेथें वर्तुळांत उभीं आहेत. चॉक्टॉ प्रमुख गॅरी बॅटन यांच्या उपस्थितींत जून २०१७ मध्यें त्याचें समर्पण झालें. पिसें अशीं वळविलीं आहेत कीं, सर्व मिळून एका वाडग्याचा आकार होतो. वाडगा रिकामा आहे.

शेजाऱ्याकडून वानवळा आला तर त्याचें भांडें रिकामें परत करूं नये, अशी मराठी घरांतील जुनी रीत आहे. भांड्यांत घालावयास दुसरें कांहीं नसेल तर चिमूटभर साखर घालतात. स्कलीव्हिलच्या सभेंतून जें भांडें निघालें तें पहिल्या धन्याकडे भरून गेलेंच. पण त्याआधीं आणि त्यानंतर तें सोमालियाच्या व नवाहोंच्या दारींही जाऊन आलें. १७० डॉलरांचें पीठ १८४७ सालींच संपलें. तें भांडें अजून फिरतें आहे.