पृथ्वीकक्षेच्या आतील लघुग्रह आणि बारामतीचे क्षितिज

बारामती-इंदापूरकडील गावांत लग्नतिथी ठरविताना गुरु-शुक्रांचे अस्त आजही पंचांगात पाहिले जातात. येथे अस्त याचा अर्थ ग्रह क्षितिजाखाली जाणे असा नाही. सूर्याच्या सान्निध्यामुळे तो दिसेनासा होणे असा आहे. यासाठी सिद्धांतग्रंथांनी प्रत्येक ग्रहाचे ‘कालांश’ ठरवून दिले आहेत. सूर्यसिद्धांतानुसार शुक्राचे कालांश १०, गुरूचे ११, बुधाचे १४, शनीचे १५ व मंगळाचे १७ आहेत. शुक्र व बुध वक्री असताना त्यांचे कालांश अनुक्रमे ८ व १२ धरतात. एक कालांश म्हणजे चार मिनिटे. म्हणजे सूर्यामागून सुमारे चाळीस मिनिटांनी मावळणारा शुक्र दिसू शकतो. या आकड्यांमागील तत्त्व सरळ आहे. ज्योती जितकी मंद, तितके तिचे कालांश अधिक. नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या, विसाव्या प्रतीच्या आसपासच्या ज्योतीला हेच तत्त्व लावले असता आधुनिक ज्योतिषशास्त्रातील एका वर्गाची विरळता कळू लागते.

हा वर्ग पृथ्वीकक्षेच्या पूर्णपणे आत राहून सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहांचा होय. पृथ्वीचे सूर्यापासूनचे किमान अंतर ०.९८३ ज्योतिषशास्त्रीय एकक आहे. ज्या लघुग्रहाचे कमाल अंतर, म्हणजे अपसूर्य अंतर, याहूनही कमी असते तो या वर्गात मोडतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये असा एक लघुग्रह दिसल्यासारखा वाटला, परंतु कक्षा निश्चित होण्यापूर्वीच तो हरवला. ११ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील लिनिअर या शोधप्रकल्पाला १६३६९३ क्रमांकाचा ‘अतिरा’ सापडला आणि त्याचेच नाव वर्गाला मिळाले. आज पृथ्वीसमीप लघुग्रहांची यादी पस्तीस हजारांपलीकडे गेली आहे. तीत अतिरावर्गीय पन्नासही नाहीत. हे प्रमाण हजारी एक-दोन पडते. उलट, मंगळ व गुरू यांच्यामधील पट्ट्यातून लघुग्रह आत कसे ढकलले जातात याचे गणित मांडणाऱ्या प्रतिमानांप्रमाणे ते शेकडा एक ते दीड असावयास हवे. प्रतिमाने ठरावीक आकारमर्यादेपर्यंतच लागू असल्याने ही तुलना स्थूल आहे हे खरे; तथापि दसपटीच्या जवळ जाणारी तफावत केवळ तेवढ्याने मिटत नाही.

ही तफावत बव्हंशी वेधस्थितीतून उत्पन्न होते. लघुग्रहाचे सूर्यापासूनचे कोनीय अंतर, म्हणजे इनांतर, आतल्या कक्षेत एका मर्यादेपलीकडे वाढूच शकत नाही. पृथ्वीकक्षा वर्तुळ मानल्यास या मर्यादेची ज्या अपसूर्य अंतराइतकी येते. अतिरावर्गाच्या अगदी बाहेरच्या कडेस ही मर्यादा ७९ अंशांच्या घरात असते. मात्र ४ जानेवारी २०२० रोजी पालोमार येथील झ्विकी सर्वेक्षणात सापडलेल्या ‘आयलोचाख्नुम’चे अपसूर्य अंतर अवघे ०.६५ एकक आहे. संपूर्ण कक्षा शुक्रकक्षेच्याही आत असलेला हा पहिलाच ज्ञात लघुग्रह. त्याचे परम इनांतर सुमारे ४१ अंश येते. शुक्राचे ४७ पर्यंत जाते. मध्यरात्रीच्या आकाशात तो कधीच येत नाही, आणि बहुतेक सर्वेक्षणे तर सूर्याच्या विरुद्ध दिशेचे काळोखे आकाशच पाहत असतात.

बारामती (अक्षांश सुमारे १८° ९′ उत्तर) येथील क्षितिज घेऊन हे ताडून पाहता येईल. इंदापूरचा अक्षांश जवळजवळ तोच असून तेथे सूर्य दोनेक मिनिटे आधी मावळतो, एवढाच फरक. संपातदिनी बारामतीस सूर्यास्तानंतर सुमारे ७२ मिनिटांनी सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जातो आणि संधिप्रकाश संपतो. मार्चमधील सायंकाळी क्रांतिवृत्त पश्चिम क्षितिजाशी ८५ अंशांचा, म्हणजे जवळजवळ काटकोन करते. अशा वेळी क्रांतिवृत्तावर ४१ अंश इनांतरावर असलेली ज्योत सुमारे २३ अंश उंचीवर असेल. सप्टेंबरच्या सायंकाळी क्रांतिवृत्त ४८ अंशांपर्यंत कलते आणि तीच ज्योत १२ अंशांवर येते. पालोमारच्या ३३ अंश अक्षांशावर मार्चमध्ये ही उंची २२ अंश, म्हणजे बारामतीइतकीच. परंतु सप्टेंबरमध्ये ती चार अंशांहूनही कमी. कमी अक्षांशाच्या प्रदेशाला निसर्गाने दिलेला हा लाभ आहे. क्षितिजापासून वीस अंशांवर प्रकाशाला शिरोबिंदूच्या मानाने जवळजवळ तिप्पट वातावरण ओलांडावे लागते. म्हणून पूर्ण काळोख व वीस अंश उंची या दोन्ही अटी घातल्या, तर अशा मंद ज्योतीचे ‘कालांश’ चाळिसाच्या घरात जातात. आयलोचाख्नुम त्या मर्यादेला जेमतेम शिवतो.

हा लाभ निर्वेध मात्र नाही. पहाटेच्या वेधांना अनुकूल काळ सप्टेंबरच्या सुमाराचा, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या अवर्षणप्रवण पट्ट्यात जो काही पाऊस पडतो त्यात सप्टेंबरचा वाटा मोठा असतो. मार्चमध्ये आकाश निरभ्र असले तरी उसाचे पाचट जाळल्याचा धूर क्षितिजालगत रेंगाळतो.

या दिशेकडे दुर्लक्ष होण्याचे परिणाम केवळ यादीपुरते नाहीत. अतिरावर्गीय लघुग्रह सध्याच्या कक्षेत पृथ्वीवर आदळू शकत नाहीत, पण ग्रहांच्या आकर्षणाने त्यांच्या कक्षा पालटून पृथ्वीकक्षा छेदू शकतात. शिवाय पृथ्वीकक्षा छेदणारे इतर लघुग्रहही याच उजेडातून येतात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे २० मीटरचा पाषाण सूर्याच्या दिशेने आला, आणि सुमारे पंधराशे माणसे जखमी झाली. १६ ऑगस्ट २०२० रोजी काही मीटर व्यासाचा ‘२०२० क्यूजी’ हा लघुग्रह दक्षिण हिंदी महासागरावरून २,९५० किलोमीटर उंचीने निघून गेला. भारतीय वेळेप्रमाणे तेव्हा सकाळचे ९ वाजून ३८ मिनिटे झाली होती. बारामतीत सूर्य उगवून तीन तास लोटले होते. तोही सूर्याच्याच बाजूने आला. झ्विकी सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत त्याची रेषा उमटली ती तो गेल्यानंतर सहा तासांनी, आणि ती ओळखणाऱ्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील विद्यार्थी होते.

संधिप्रकाशातील थोड्या मिनिटांचे मोल चिलीतील सेरो टोलोलो येथील चार मीटर दुर्बिणीनेही दाखविले. १३ ऑगस्ट २०२१ रोजी तेथे ‘२०२१ पीएच२७’ सापडला. तो ११३ दिवसांत सूर्याभोवती फेरी करतो आणि ०.१३ एककापर्यंत सूर्याजवळ जातो. त्याच्या उपसूर्य बिंदूचे सापेक्षतासिद्धांतानुसार होणारे चलन शतकाला सुमारे ५३ विकला, म्हणजे बुधाच्या ४३ विकलांहूनही अधिक आहे.

‘निओ सर्व्हेयर’ ही नियोजित अवरक्त दुर्बीण पृथ्वी-सूर्य रेषेवरील पहिल्या लाग्रांज बिंदूपाशी राहून सूर्यापासून ४५ अंशांपर्यंतचे आकाश पाहणार आहे. तिला संधिप्रकाशाची अडचण नाही, आणि अतिरावर्गातील कितीतरी नवे लघुग्रह तिच्या टप्प्यात येतील. आयलोचाख्नुमचे ४१ अंश मात्र त्या सीमेच्याही आत राहतात. त्याच्यासारख्यांचा शोध संध्याकाळच्या व पहाटेच्या क्षितिजावरूनच घ्यावा लागेल.