ल्हासा अप्सो व त्याची निगा

तिबेटातील ल्हासा नगरी समुद्रसपाटीपासून सुमारे १२,००० फूट उंचीवर वसलेली आहे. तेथील हवा विरळ व कोरडी, आणि हिवाळ्यातील रात्री पाणी गोठविणाऱ्या. या प्रदेशातील मठांत व सरदारांच्या वाड्यांत पूर्वी दोन जातींचे कुत्रे राखणीला असत. दाराबाहेर धिप्पाड तिबेटी मॅस्टिफ, आणि आत माणसांच्या पायांत घुटमळणारा, जेमतेम दहा-अकरा इंच उंचीचा ल्हासा अप्सो. बाहेरच्याची नजर चुकवून कोणी आत शिरलाच, तर हा धाकटा भुंकून सारे घर जागे करी. अप्सो बहुधा भेट म्हणून दिला जाई. तेराव्या दलाई लामांनी सायडम कटिंग या अमेरिकन प्रवाशाला दिलेली अशीच एक जोडी १९३३ साली अमेरिकेस पोहोचली.

आज आपल्याकडील शहरांतूनही हा कुत्रा पुष्कळ घरी दिसतो. त्याचे जमिनीपर्यंत लोंबणारे केस पाहून मुले हरखून जातात, आणि 'आम्हांलाही असाच हवा' असा हट्ट सुरू होतो. आमच्या इंदूरच्या घरी 'झिपऱ्या' आला तो याच वाटेने. परंतु तिबेटच्या थंडीसाठी निसर्गाने विणलेले हे पांघरूण माळव्याच्या वैशाखात कसे सांभाळावयाचे, याचा विचार त्या वेळी आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

अप्सोच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब, सरळ व काहीसे राठ. त्यांखाली मऊ, दाट लव. ही लव अधूनमधून गळते. पण गळलेले केस खाली न पडता वरच्या लांब केसांत अडकून राहतात आणि त्यांच्या गाठी बनतात. कानांमागे, बगलांत, मांड्यांच्या आत व गळपट्ट्याखाली या गाठी प्रथम धरतात. वरून पाहिल्यास केस रेशमासारखे मोकळे दिसतात, आणि आत कातडीलगत मात्र नमदा तयार झालेला असतो! म्हणून नुसता पाठीवरून ब्रश फिरविणे म्हणजे विंचरणे नव्हे. कुत्र्याला कुशीवर निजवावे, केसांवर पाण्याचा हलका फवारा मारावा, एका हाताने वरचे केस उचलून धरावे आणि खालचा एकेक पदर मुळापासून टोकापर्यंत विंचरीत जावे. ब्रशानंतर रुंद दातांची धातूची फणी सगळीकडून अडखळल्यावाचून फिरली, तरच काम पुरे झाले असे समजावे. गाठ आढळल्यास ती बोटांनी हळूहळू सोडवावी. कात्री सहसा चालवू नये; गाठीबरोबर कातडीही वर ओढली जाते आणि नकळत कापली जाते. पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येऊ लागतात त्या काळात, म्हणजे एक वर्षाच्या सुमारास, गुंता सर्वांत अधिक होतो. तेव्हा एक दिवसही चुकविता येत नाही.

आम्ही तो चुकविला. परीक्षांच्या गडबडीत झिपऱ्याकडे पंधरा दिवस लक्ष गेले नाही, आणि मग एका रविवारी आम्ही त्याला न विंचरताच न्हाऊ घातले. पाण्याने गाठी सैल होतील ही आमची कल्पना अगदी उलटी ठरली. भिजून वाळताना त्या अशा आवळल्या की, अखेर यंत्राने सर्व केस कातडीपर्यंत उतरवावे लागले. उन्हाळ्याचे दिवस होते, तेव्हा बरेच झाले, असेही आम्हांस वाटले. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे अंगणात पहुडला, आणि संध्याकाळपर्यंत त्याची उघडी पाठ उन्हाने लाल होऊन सोलली. केसांचे छत्र उन्हापासूनही रक्षण करते हे आम्ही अशा रीतीने शिकलो! आता उन्हाळ्यात आम्ही त्याचे केस दीड-दोन इंच ठेवूनच कापवितो.

कुत्र्याला घाम फुटतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. शरीरातील उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितो. अप्सोचे नाक आखूड असल्याने हे काम त्याला अधिक जड जाते. म्हणून उन्हाळ्यात त्यास सूर्योदयापूर्वी व दिवे लागल्यावरच फिरवावे. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; ते १०५च्या वर जाऊ लागले की जिवावरचा प्रसंग समजावा. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले, तर त्यास सावलीत आणून साधे थंड पाणी कातडीपर्यंत मुरेल असे ओतावे, पंख्याखाली ठेवावे व तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

पावसाळ्यात शत्रू निराळे. आतली लव ओली राहिल्यास कातडीला खाज व बुरशी येते. म्हणून न्हाणे झाले की मुळापर्यंत कोरडे करावे. कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधावे. डोळ्यांवरील केस वर बांधावे आणि रोज कोपरे पुसावे. डोळ्यांत घट्ट चिकट स्राव सतत येऊ लागल्यास अश्रू आटण्याचा विकार असू शकतो. तो या जातीत पुष्कळदा आढळतो, व उपचार लांबल्यास दृष्टी जाते.

खाण्याबद्दल इतकेच की कांदा, लसूण, चॉकलेट व द्राक्षे त्यास विषवत आहेत. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणेसुद्धा. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर व पार्व्हो यांच्या लसी क्रमाने द्याव्या, तिसऱ्या महिन्यात रेबीजची द्यावी, आणि पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुढे देत राहावी.

झिपऱ्याला आता नववे वर्ष लागले आहे. फणीचा डबा उघडल्याचा आवाज झाला की तो आपण होऊन सतरंजीवर येऊन आडवा होतो. डाव्या बगलेला मात्र अजूनही सहजासहजी हात लावू देत नाही.