तांबे सगळ्यांना हवे, भट्टी कुणाच्या दारात?

बडोद्याला आमच्या घरी दरवर्षी रत्नागिरीहून काकांची हापूसची पेटी येते. यंदा फोनवर आभार मानले तर काका म्हणाले, "तो कारखाना इथे झाला असता, तर पेटी आली असती की नाही, देव जाणे!"

कुठला कारखाना? मी शोधायला बसलो. १९९२ साली रत्नागिरीत स्टरलाईटच्या तांबे प्रकल्पासाठी एमआयडीसीची ५०० एकर जागा ठरली होती. बागायतदार, मच्छीमार रस्त्यावर उतरले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवायला सांगितले.

आपण जिंकलो, असे वाटते ना? पण प्रकल्प गेला तमिळनाडूत, तुतिकोरिनला. १९९४ मध्ये तिथे पायाभरणी झाली आणि पुढे तक्रारी, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणाबद्दल १०० कोटी रुपये भरपाई भरायला लावली. २२ मे २०१८ रोजी आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, १३ जणांचा जीव गेला आणि कारखान्याला टाळे लागले. वर्षाला सुमारे ४ लाख टन तांब्याची क्षमता बंद पडली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि आपली आयात वाढली.

तांब्याच्या खनिजात गंधक असते. भट्टीत ते तापले की सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. तो पकडून सल्फ्युरिक ॲसिड बनवतात. निसटला, तर शेजाऱ्यांच्या घशात जातो. म्हणजे सगळी भिस्त देखरेखीवर.

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या लॅपटॉपमध्ये, घरातल्या प्रत्येक वायरीत तांबे आहे. त्यामुळे "भट्टी नकोच" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय काकांचा मुलगा नोकरीसाठी मुंबईला गेला, तो परत आलाच नाही. तेही कोकणचेच दुखणे.

आमच्याकडे नवी सिस्टीम सुरू करण्याआधी ती वापरणाऱ्यांकडून तपासून घेतात. इथेही तशी सोय आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अशा मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी होते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो मागून घ्या, घरात मोठ्याने वाचा. मग विचारा: पाणी कुठून घेणार? मळी कुठे टाकणार? हवेचे आकडे गावाला रोज दिसणार का? नोकऱ्या कुणाला?

उत्तरे पटली तर हो म्हणा, नाही पटली तर नाही. फक्त आपल्या दारातून हाकललेली भट्टी दुसऱ्याच्या दारात पेटली, की विषय संपला असे समजू नका. तिथेही कुणाचे तरी काका राहतात.