एका यंत्रावर, दुसऱ्या यंत्रासाठी

लेथचे भाग घडवावयाचे तर आधी एक लेथ लागतो, हे कारखाना पाहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. संगणकाच्या जगातही हाच पेच आहे. नवा प्रोसेसर जन्माला येतो तेव्हा त्याच्यावर चालणारा प्रोग्राम त्याच्यापाशी नसतो. प्रोग्राम तयार करून देणारा कंपायलर हाही एक प्रोग्रामच; तोही तेथे नसतो. मग सुरुवात व्हावी कशी? लेथचे उत्तर तेच येथले उत्तर: पहिला भाग दुसऱ्याच्या यंत्रावर घडवावयाचा. यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

लिनक्सचा कर्नेल हे याचे चांगले उदाहरण आहे. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यावयाचा, स्मृती कशी वाटावयाची, ही व्यवस्था तो पाहतो. तो बहुतांशी सी भाषेत लिहिलेला आहे. प्रोसेसरला मात्र सी कळत नाही; त्याला आपल्या घराण्याच्या आज्ञाच तेवढ्या कळतात. इंटेल घराण्याची एक आज्ञा १ पासून १५ बाइटांपर्यंत असू शकते; ६४ बिटांच्या आर्मची प्रत्येक आज्ञा नेमकी ४ बाइटांची. म्हणून इंटेलसाठी बांधलेला कर्नेल आर्मवर मुळीच चालत नाही.

समजा, आपल्या टेबलावर इंटेलचा संगणक आहे आणि कर्नेल हवा आहे रास्पबेरी पाय या लहानशा आर्म संगणकासाठी. बांधणीच्या वेळी दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्या लागतात: घराणे कोणते, आणि त्याच्या आज्ञा लिहिणारा कंपायलर कोणता. नवशिक्याची फसगत होते ती पुढे. बांधणी चालू असताच काही मदतनीस प्रोग्राम तयार होऊन लगेच कामाला लागतात. ते आपल्याच टेबलावर चालावयाचे. म्हणून ते इंटेलसाठीच बांधावे लागतात. म्हणजे एका कामात दोन कंपायलर! त्यांची अदलाबदल झाली की काम थांबले. शिवाय आर्मच्या पुष्कळ संगणकांत कोणता भाग कोठे बसविला आहे हे कर्नेलला आपोआप कळत नाही. ती यादी त्याला वेगळी द्यावी लागते. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात.

हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हा कर्नेल इंटेलच्या ३८६ साठी लिहिला, आणि तो दुसऱ्या यंत्रावर नेण्याजोगा नाही असे स्वतःच सांगितले. तरी १९९५ च्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स ही घराणी आली. प्रत्येक घराण्यापुरता मजकूर 'आर्च' नावाच्या निराळ्या कप्प्यात काढला गेला, आणि उरलेला मोठा भाग सर्वांचा सामाईक राहिला.

अवजार कोणाचे, हा प्रश्न आम्ही कामगार चळवळीत आयुष्यभर विचारीत आलो. तोच येथेही विचारला पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपायलर कोणासही घेता येतो, उघडून पाहता येतो, बदलता येतो. लिनक्सचेही तसेच. मद्रासच्या आय. आय. टी. ने रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर 'शक्ती' प्रोसेसर घडविला आणि २०१८ साली त्यावर लिनक्स चालविला, तेव्हा कंपायलर आणि कर्नेल यांसाठी तिला कोणा मालकाच्या दारात उभे राहावे लागले नाही.

याची दुसरी बाजू आपल्या खिशातच आहे. कित्येक फोनांतही लिनक्सचाच कर्नेल असतो. पण त्यातले काही भाग चालविणारे प्रोग्राम निर्माता उघड करीत नाही. त्याने नव्या आवृत्त्या देणे थांबविले की धडधाकट फोनही टाकाऊ ठरू लागतो. कंपायलर आहे, कर्नेल आहे, काम जाणणारे हात आहेत. माहिती तेवढी कुलपात आहे. यंत्र घेताना आपण किंमत विचारतो. त्याबरोबर हेही विचारू लागू या, की उद्या ते चालते ठेवण्यासाठी लागणारी माहिती कोणापाशी राहणार आहे?