आग्वाद ते पेनिश

तुरुंग रिकामा झाला की त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न शासनसंस्थांना अलीकडे वारंवार पडू लागला आहे. अशी जागा बहुधा मोक्याची असते, त्यामुळे हॉटेलवाल्यांचा तिच्यावर डोळा असतो. आणि त्या भिंतींआड जे घडले ते सगळेच सांगावयाचे म्हटले तर सांगणाऱ्यालाही ते सोयीचे नसते. म्हणून थोडे स्मारक आणि पुष्कळसे सहलीचे ठिकाण अशी तडजोड होते. गोव्यातील आग्वादचा तुरुंग या तडजोडीचे आपल्याला जवळचे उदाहरण आहे.

मांडवीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये आग्वादचा किल्ला पुरा केला तो डच आणि मराठे यांच्या धास्तीने. 'आग्वा' म्हणजे पाणी. लांबच्या सफरीवरून येणारी गलबते येथे गोडे पाणी भरून घेत, त्यावरून हे नाव पडले. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, अगदी समुद्राला लागून असलेल्या भागाचा पुढे तुरुंग झाला. सालाझारच्या राजवटीत तेथे राजकीय कैदी ठेवले जात आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही तो गोव्याचा मध्यवर्ती तुरुंग राहिला. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलविले गेले. मग दुरुस्ती होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी, मुक्तीच्या साठाव्या वर्धापनदिनी, तेथे संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. डॉ. राममनोहर लोहिया आणि त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांच्या नावाच्या कोठड्या तेथे जतन केलेल्या आहेत.

लोहियांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. १८ जून १९४६ रोजी मडगावात त्यांनी सभाबंदी मोडली. सप्टेंबरअखेर ते पुन्हा गोव्यात शिरले, तेव्हा त्यांना पकडून आग्वादला ठेवण्यात आले. कुन्हांचे नाव मात्र महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही, आणि ही गोष्ट आपल्याला शोभणारी नाही. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणारा हा चांदरचा विद्वान गृहस्थ. १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात त्यांची रवानगी झाली. १९५३ मध्ये ते पोर्तुगालमधून निसटून पॅरिसमार्गे मुंबईस आले आणि १९५८ मध्ये मुंबईतच वारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पोर्तुगालने मुलकी गुन्ह्यांसाठी असलेली फाशीची शिक्षा १८६७ मध्येच रद्द केली होती. ठाणे किंवा येरवडा म्हटले की आपल्या मनात फाशीघर उभे राहते, तसे आग्वादच्या बाबतीत होत नाही. म्हणून ती राजवट सौम्य होती असे मात्र कोणी समजू नये. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर तिने गोळ्या झाडल्याच. तिचे खास हत्यार होते ते दीर्घ मुदतीची कैद आणि समुद्रापार हद्दपारी. मूळचे सांगलीकडचे आणि गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले मोहन रानडे १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. आग्वादनंतर त्यांना लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात नेण्यात आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण त्यासाठी लढलेला हा माणूस जानेवारी १९६९ पर्यंत परदेशी तुरुंगातच राहिला. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी केलेली धडपड जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. तेलो माश्करेन्यश यांना तर सुटण्यासाठी १९७० साल उजाडावे लागले.

म्हणजे आग्वादची कथा आग्वादमध्ये पुरी होत नाही. तिचे दुसरे टोक पेनिशला आहे, आणि त्या टोकाशी काय झाले हे पाहण्यासारखे आहे. पेनिश हे अटलांटिकच्या काठचे मासेमारीचे गाव. तेथील किल्ला १९३४ ते १९७४ अशी चाळीस वर्षे राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १९७४ च्या एप्रिल क्रांतीनंतर दोनच दिवसांनी कैदी सुटले. पुढे आफ्रिकेतील वसाहतींतून परतलेल्या निर्वासित पोर्तुगीज कुटुंबांना काही काळ तेथेच आसरा देण्यात आला. १९८४ मध्ये नगरपालिकेने किल्ल्यात गावाचे संग्रहालय उघडले. होड्या बांधण्याची हत्यारे, गावच्या बायका विणतात ती प्रसिद्ध लेस, समुद्रातील शंखशिंपले, आणि त्यांच्याच शेजारी एकांतवासाच्या कोठड्या व नातलगांच्या भेटीची खोली. ही मांडणी एखाद्या शिस्तप्रिय अभ्यासकाला विजोड वाटेल. मला ती फार समंजस वाटते. गाव मासे पकडीत होते, लेस विणीत होते आणि गावाच्या उशाशी माणसे कोंडलेली होती; तिन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच वाऱ्यावर चालल्या होत्या.

२०१६ मध्ये पोर्तुगीज सरकारच्या मनात आले की हा किल्ला खासगी हॉटेलसाठी द्यावा. जुन्या कैद्यांनी आणि नागरिकांनी गदारोळ केला, सरकारला माघार घ्यावी लागली, आणि दुसऱ्याच वर्षी तेथे राष्ट्रीय संग्रहालय करण्याचे ठरले. अडीच हजारांहून अधिक कैद्यांची नावे किल्ल्यात कोरली गेली. सुटकेला पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, २७ एप्रिल २०२४ रोजी, 'प्रतिकार आणि स्वातंत्र्य' या नावाने संग्रहालय पूर्णपणे खुले झाले.

आग्वादचा व्यवहार याच्या उलट दिशेने गेला. परिसर चालविण्याचे काम खासगी व्यवस्थापनाकडे गेले. खाणेपिणे, दुकाने, समारंभ यांना तेथे जागा मिळाली आणि त्यावरून गोव्यात नाराजीही उमटली. पर्यटकाने समुद्राकडे पाहत चहा घेऊ नये असे कोणी म्हणणार नाही. इमारत राखावयाची तर पैसा लागतो, आणि तो कोठून तरी यावाच लागतो. पण कोठडीचे भाडे उपाहारगृहातून निघू लागले की कोठडीने किती बोलावे हेही हळूहळू उपाहारगृहच ठरवू लागते, ही भीती निराधार नाही.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. १९६१ ते २०१५ या काळात आग्वादमध्ये ज्यांना कोंडले ते आपले कैदी होते. चोर, दारुडे, अंमली पदार्थांच्या खटल्यांतले देशी-विदेशी आरोपी, खटला उभा राहण्याची वाट पाहणारे कच्चे कैदी. परक्या सत्तेचा तुरुंग दाखविणे सोपे असते, कारण त्यातला जुलूम परक्याच्या खात्यावर पडतो. त्याच खोल्या, तेच गज आणि तीच समुद्राची ओल स्वतंत्र भारताने अर्धशतकाहून अधिक काळ वापरली, हेही त्या वास्तूच्या इतिहासात येते. पहाऱ्यावरचे शिपाई, भेटीस येणाऱ्या बायका, खाली उतरून सामान पोहोचविणारे कांदोळी-शिकेरीचे लोक यांच्या आठवणी अजून नोंदविता येण्यासारख्या आहेत. आणखी वीस वर्षांनी त्या मिळणार नाहीत.

हा प्रश्न उद्या महाराष्ट्रापुढेही येणार आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला, आणि इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये आणि अनंत कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तेथेच फाशी झाली. आजही तेथे मध्यवर्ती कारागृह आहे आणि ते हलवून स्मारक करावे अशी मागणी अधूनमधून होत असते.

आग्वादपुरते बोलावयाचे तर आरंभ कागदांपासून करता येईल. सालाझारच्या गुप्त पोलिसांचे दप्तर लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेले आहे. कुन्हा, रानडे, माश्करेन्यश यांच्यासंबंधी त्यात जे काही असेल त्याच्या प्रती गोवा सरकारने रीतसर मागवाव्यात, त्यांचे मराठी व कोंकणी भाषांतर करावे आणि रानड्यांच्या 'सतीचे वाण'शी ते ताडून पाहावे. कैद्याने लिहिलेले आणि पहारेकऱ्याने लिहिलेले शेजारी शेजारी मांडण्याइतकी जागा त्या कोठड्यांत निश्चित आहे.