बालवाडीच्या फाटकाबाहेर राहिलेली आई

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की कळव्यापासून कल्याणच्या कोळसेवाडीपर्यंत प्रत्येक वस्तीत सकाळी एकच आवाज असतो. आत मूल हंबरडा फोडते आणि बाहेर आई पदराने नाक पुसते. कुणी खिडकीच्या फटीतून बघते, कुणी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन पुन्हा माघारी येते. मग एखादी आजी म्हणते, "अगं, लेकरू शाळेत चाललंय, सासरी नाही!" सगळ्या हसतात आणि विषय तिथेच संपतो.

आरोग्याच्या पानावर मात्र तो तिथे संपवून चालणार नाही. मुलाला बालवाडीत कसे रुळवावे हे सगळेच सांगतात. आईबापांच्या जिवाचे काय होते हे कुणी विचारत नाही, आणि मग ते दुखणे वेगळ्या नावाने आमच्यापुढे येते. जून-जुलैत तपासायला येणाऱ्या बाया "मुलगी शाळेत गेली म्हणून रडू येतं" असे सांगत नाहीत. छातीत धडधडते, घास उतरत नाही, डोके धरते, रात्री दचकून जाग येते, असे सांगतात. बोलता बोलता कळते की घरातले शेंडेफळ याच आठवड्यात बालवाडीत गेले आहे. (तरी बीपी आणि रक्त तपासून घ्यावेच. रक्त कमी असले तरी धडधडते. सगळे मनावर ढकलून देणे हाही आपल्या बायांवर होणारा एक अन्यायच आहे.)

ही धडधड येते कुठून? मूल जन्मल्यापासून आईचे शरीर पहाऱ्यावर असते. दहा बाय दहाच्या खोलीत भाकरी थापताना, नळावर पाणी भरताना एक कान मुलाकडे लागलेला असतो. मूल रडले की ॲड्रिनलिन नावाचे द्रव्य तिच्या रक्तात उतरते, हृदय जोरात चालते, हातपाय धावायला तयार होतात. एरवी ती धावते, मुलाला उचलते, मूल शांत होते आणि तीही शांत होते. फाटकाबाहेर मात्र शरीर धावायला तयार होते आणि धावायची परवानगी नसते. त्यालाच आपण पोटात गोळा येणे, हातापायाला कंप सुटणे म्हणतो. हा आजार नव्हे. मूल रोज जाते आणि रोज परत येते हे शरीराला पटायला थोडे दिवस लागतात. तोवर फाटकाशी ताटकळत उभे राहण्यापेक्षा चालत राहिलेले बरे, आणि एकटीने बसण्यापेक्षा शेजारणीशी बोललेले बरे.

आणखी एक भावना असते, ती बाया फार हळू आवाजात सांगतात. मोकळे वाटले, म्हणतात. तीन वर्षांत पहिल्यांदा एकटीने चहा प्यायला. आणि लगेच, "मी आई आहे की कोण?" अशी टोचणी. डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणारी, मुलाला कधी सासूकडे तर कधी मोठ्या मुलीकडे टाकून जाणारी बाई तीन तास निर्धास्त झाली तर तिला हलके वाटणारच. दुःख आणि सुटका एकाच सकाळी, एकाच छातीत असू शकतात. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

ज्यांना फाटकापर्यंतही जाता येत नाही त्यांचे आणखी वेगळे. बालवाडी नऊला उघडते आणि बाईची लोकल सकाळी साडेसहाची. पहिल्या दिवशी मुलाला आजी सोडते आणि आई लेडीज डब्यात दाराशी उभी राहून डोळे पुसते. अशा आईने आदल्या रात्री मुलाला सगळे सांगून ठेवावे, दप्तर त्याच्यासोबत भरावे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर चूल पेटवण्याआधी दहा मिनिटे त्याला मांडीवर घ्यावे. निरोप सकाळीच घ्यावा लागतो असे काही नाही.

आपल्या घरांत या दिवसाला आणखी एक पदर आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेत बसायला वेगळे गोणपाट, आणि शिपाई नसेल तर पाणी नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे आणि सकाळी परत आणावे लागे. आपण हा प्रसंग नेहमी मुलाच्या बाजूने सांगतो. पण गोणपाट रोज घरी येत होते, म्हणजे घरच्या मोठ्यांच्या नजरेसमोर होते. आणि दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा शाळेत जात होते. त्या घराला ते किती जड गेले असेल याचाही विचार करावा.

गोणपाट गेले. तरी प्रवेशाच्या फॉर्मवर जातीचा रकाना आला की आजही अनेक बापांचा हात क्षणभर थांबतो. स्कॉलरशिपच्या यादीत नाव वाचताना वर्ग कसा हसला होता, शेवटच्या बाकावर कोण बसायचे, आडनाव विचारून झाल्यावर गुरुजींचा आवाज कसा बदलला होता, हे तीस वर्षांनीही अंगात असते. पोराला वर्गात सोडताना आईबाप स्वतःच्या शाळेच्या दारातही उभे असतात. म्हणून कधीकधी मुलापेक्षा त्यांचेच रडणे लांबते, किंवा बाप उगाच बालवाडीच्या बाईंवर खेकसतो.

ही भीती खोटी नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला तो रकाना ठाऊक नसतो. ते फक्त आईचा चेहरा वाचते. नव्या जागी गेल्यावर लहान मूल आधी आपल्या माणसाच्या तोंडाकडे बघते आणि ही जागा धोक्याची की बरी हे त्यावरून ठरवते. आपला चेहरा धास्तावलेला असेल तर बाईंनी कितीही खेळणी मांडली तरी उपयोग नसतो. तेव्हा भीतीला आधीच कामाला लावावे. शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधी जाऊन बघून यावे: पिण्याचे पाणी कुठे आहे, ग्लास सगळ्यांना एकच आहेत का, मुले कशी बसवतात, संडासाला कोण नेते. स्पष्ट विचारावे, विचारायचा हक्क आहे. पुढे रोज मुलाला "डबा कुणाबरोबर खाल्लास?" एवढे विचारले तरी वर्गात काय चालले आहे ते कळत राहते. शिक्षण हक्क कायदा, २००९, याचे कलम १७ शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी करते. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. त्याचा अर्थ त्याहून लहानाला मारायची मुभा आहे असा कुणी काढू नये.

मूल घरापासून एकदम तोडू नये, हे आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात फार आधी ओळखले गेले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असा तो विचार. अंगणवाडी ती हीच. १९५७ पासून हे काम कोसबाडला आदिवासी मुलांत चालले. (बोर्डी आणि कोसबाड आता पालघर जिल्ह्यात येतात.) आई जवळपास कामात आणि मूल अंगणात गाण्यात, अशी ती रचना होती. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेतून देशभर अंगणवाड्या उघडल्या. त्यात शाळापूर्व शिक्षणाबरोबर पोषण आहार, वजन आणि लसीकरणही आले.

हे सांगायचे कारण असे की वागळे इस्टेट असो की नेतिवली, गल्लीतल्या अंगणवाडीत मूल घातले तर ते मागे पडेल, या धास्तीने आईबाप कर्ज काढून इंग्रजी नावाच्या केजीत पाठवतात. मग फीची चिंता, रिक्षाची चिंता, आणि त्या चिंतेने आणखी झोप उडते. आमचे मत स्पष्ट आहे. तीन वर्षांच्या मुलाला घराजवळची, ओळखीच्या ताईंची जागा बहुतेक वेळा जास्त सोसते. ताई चांगल्या नसतील, खोली गळत असेल, तर भांडून ती सुधारून घ्यावी.

आता निरोप. मुलाची नजर चुकवून पळू नये. त्या दिवशी ते रडणार नाही कदाचित, पण दुसऱ्या दिवसापासून घरातही आईचा पदर सोडणार नाही. "आई आता कामाला जाते, तू खिचडी खाल्लीस की मी येते" असे एकदाच, साध्या आवाजात सांगावे. एवढ्या लहान मुलाला "साडेबारा" कळत नाही, "खिचडीनंतर" कळते. मग वळावे आणि निघावे, चार वेळा मागे येऊन पापा घेऊ नये. रडायचे असेल तर कोपऱ्यावर वळून पोटभर रडावे. "रडलास तर बाई मारतील", "पोलीस नेईल", "मी येणारच नाही" ही वाक्ये गंमतीनेही नकोत. पहिले दोन-तीन दिवस तासभरच ठेवता आले तर उत्तम. आईचा रुमाल किंवा जुन्या ओढणीचा तुकडा दप्तरात असला तर मुलाला त्या वासाचा आधार होतो. आणि पहिल्या आठवड्यात न्यायला उशीर करू नये. "येते" म्हटले की येते, हे त्याला तिथेच शिकायचे असते.

पुष्कळ मुले बापाबरोबर कमी रडतात. रिक्षा चालवणारा बाप पहिल्या भाड्याआधी मुलाला सोडू शकतो. फक्त "मुलगा असून रडतोस?" म्हणू नये. खरे तर हे दरडावणे बऱ्याचदा स्वतःचे डोळे भरून येऊ नयेत म्हणून असते.

दोन ते चार आठवडे मूल घरी हट्ट करील, पुन्हा अंथरूण ओले करील, मांडीवरून उतरणार नाही. हे चालायचेच. पावसाळा आणि नवी मुले यामुळे सर्दी-खोकलाही होईल. महिन्यानंतरही रोज तसाच आकांत असेल, शाळेचे नाव काढताच उलटी होत असेल, बोलणे बंद झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. एखाद्या ठराविक माणसालाच मूल घाबरत असेल, किंवा लघवीच्या जागी दुखते म्हणत असेल, तर महिना थांबू नये. त्याच दिवशी दाखवावे आणि १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करावा.

आईसाठीही अशीच एक रेघ आहे. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, काही करावेसे वाटत नाही, जगणे नकोसे वाटते, विशेषतः घरात तान्हे बाळही असेल, तर ते शाळेच्या निरोपापलीकडचे दुखणे आहे. नुसता जीव द्यायचा विचार जरी आला तरी दोन आठवडे बघू नये. "ठाण्याला पाठवा" ही आपल्याकडची जुनी थट्टा. तिच्यापायी किती बाया मनाचे दुखणे लपवून बसल्या आहेत हे आम्ही पाहिले आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होईल, विहारात ग्रंथवाचनाला बाया जमतील. वाचन झाल्यावर दहा मिनिटे काढून, यंदा ज्यांची मुले बालवाडीत गेली त्या आयांना बोलू द्यावे. आणि जिला कामामुळे दुपारी मुलाला आणायला जाता येत नाही, तिच्यासाठी कोण जाणार, हे तिथेच वारानुसार ठरवून घ्यावे. नेणाऱ्या बाईचे नाव अंगणवाडीच्या ताईंना आधी सांगायला मात्र विसरू नये.